चोविसावा प्रवासी

...आन् ह्यात मानसिंगाचं काय चुकलं, सांगा की! न्हाई, सांगाच! समदी त्यालाच बोलत्यात... बायको बोलती, मेव्हणा बोलतो, औंधासनं म्हातारा बाप पत्र लिवून बोलतो. आवं, अकरा वर्सं जो माणूस नोकरीत हंगामी व्हता, त्याला मोजायला बसवल्यावर त्यानं मोजायचं न्हाई तर काय भजन करायचं? आन् वस्तू ठिवल्याली असली की माणूस धरायचा, ही रीत काय मानसिंगानं काढली? तुमी-आमी यष्टीत काय करतो? गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतनं रुमाल टाकतो का न्हाई? टाकतो! मंग तो रुमाल म्हंजे कोण? माणूस! राकेलच्या लायनीत डबा म्हंजे कोण? माणूस! डब्याला मागं सारून कुणी म्होरं जाऊन दावावं, बाया झिंज्या उपटतील. जागा धरलीय म्हंजे धरलीय. इषय संपला.

तर तुमास्नी सांगतो, शहाण्णव साल. सांगलीत एक योजना आली, बॅटरीवर चालणाऱ्या बसची. डिझेल न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई. चोवीस सीटांची लहान गाडी. स्टँडावरनं, रेल्वे ठेसनावरनं, विश्रामबागेतनं आन् कुपवाडच्या कारखान्यांकडनं अशा चार बाजूंनी गाड्या येणार, एका ठिकाणी मिळणार, माणसं हितनं उतरून तितं बसणार, आन् गाड्या शेडात उभ्या ऱ्हाऊन बॅटरी भरून घेणार. झकास! आता हे ठिकाण कुटं करायचं? तर योजनेच्या साहेबांनी... साहेब बाहेरचं, गळ्यात टाय, बोलणं एकदम छापील... नकाशा हातरला, फूटपट्टी ठिवून चार रेघा वढल्या, आन् जितं त्या एकमेकीला कापल्या तितं टिंब दिलं. ‘शिंदे, हे आपलं केंद्र!’

मानसिंग शिंदे ते टिंब बगायला गेला. विश्रामबाग मागं पडल्यालं, कुपवाड म्होरं लांब, मधी निस्ता माळ! एक लिंबाचं झाड, झाडाखाली तानुबाई पेरूची पाटी घिऊन बसल्याली, आन् रस्त्यावरनं कुपवाडचं कामगार लुना आन् एम-एटीवरनं सुसाट.

साहेब म्हणलं, ‘शिंदे, थांब्यावर एका वेळी गाडीभर प्रवासी दाखवा. चोवीस. प्रस्ताव मंजूर. आणि प्रस्ताव मंजूर झाला की तुमची ऑर्डर निघाली... कायम!’

कायम! आवं, हा शबुद त्या घरात अकरा वर्सं कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. नवराबायकोची नावं बगा, मानसिंग आन् राजनंदिनी, आन् ऱ्हायला एक खोली, नळ सामायिक. तिचा भाऊ कायम, भावजय कायम, भावजयीचा भाऊ सुदीक कायम! दर राखीला माहेराला जायाचं म्हंजे बाई उंबऱ्यातच घुटमळायची. तिनं त्या दिवशी शिराच केला, बदाम घालून.

मंग काय? मानसिंगानं माळावर खांब रवला, पाटी मारली ‘नियोजित थांबा’, खुर्ची टाकली, मांडीवर फॉर्म. धा ते पाच. रकाना एकच, ‘थांबलेले प्रवासी’. पयला दिवस, शून्य. दुसरा, शून्य. पंधरा दिवस शून्य! एका लुनावाल्याला हात करून थांबवलं, म्हणला, ‘गड्या, बस झाली तर बसनं जाशील का?’ तो म्हणतो, ‘जाईन की. लुना मांडीवर घिऊन बसू का टपावर टाकू?’

आन् सोळाव्या दिवशी... भर दुपार, चैतातलं ऊन, पाखरू हलंना... मानसिंग डबा खाऊन हात धुवायला वळला. तांब्याभर पाणी, किती येळ लागतोय? वळून बगतो तर खांबापाशी एक टोपी! पांढरी, वापरल्याली, वाऱ्यानं जाऊ नये म्हणून वर दगड ठिवल्याला. माणूस न्हाई! माळ उघडा बोडका, लपायला बुजगावणं न्हाई. तुमी-आमी काय केलं असतं? घाबरलो असतो! मानसिंगाला काय झालं, तर आनंद झाला. त्यानं फॉर्मात लिवलं, ‘एक’. कारण जागा धरलीय म्हंजे धरलीय.

दुसऱ्या दिवशी टोपीमागं पाण्याची बाटली, मिल्ट्रीतली, खाकी कापडाची. तिसऱ्या दिवशी चंची. मंग उपरणं, पिशवी, चष्म्याचं घर... समदं कसं दोरी धरल्यागत सरळ लायनीत, परत्येकावर दगड. कवा ठिवत्यात, कोण ठिवतंय, दिसायचंच न्हाई. पापणी लवली की एक वाढल्यालं! आठव्या दिवशी आठ झालं. साहेब खूश. ‘शिंदे, प्रगती आहे!’

शेवटी मानसिंगानं तानुबाईला इचारलंच. ‘मावशी, कुणाची हो ही टोपी?’

तानुबाई पेरू पुसत पुसत म्हणली, ‘केरबाची. कारखान्यावर वॉचमन व्हता न्हवं का? जाता-येता पेरू घ्याचा, कवळा.’

‘मंग उभा का ऱ्हात न्हाई? टोपी टाकून कुटं जातोय?’

‘आता कसा उभा ऱ्हाईल बाबा? संक्रांतीला गेला की.’

‘गावाला?’

‘वर.’

मानसिंगानं खुर्ची लाईनीपासनं लांब वढली. ‘आन् बाटली?’

‘गुंडा सुबेदाराची. त्याला वरीस झालं.’

‘च... चंची?’

‘मनुबाईची. आरं, तिला पानाबिगर करमायचं न्हाई म्हणून चंची संगंच दिली व्हती, सरणावर. म्या सोता बगितल्याली जळताना.’ आसं म्हणून तिनं पेरू चिरला, तिखट-मीठ लावलं आन् मानसिंगाच्या म्होरं धरला! घ्या! कुणाच्या घशाखाली उतरंल?

त्यो उठला, फॉर्म बगलेत मारला, मागं मागं सरकाय लागला. तर कानाशी कुणीतरी म्हणलं, ‘सरका की जरा...’ रागानं न्हाई हां, लायनीत उभं ऱ्हाऊन कट्टाळल्याला माणूस म्हणतो तसं. मागं कुणी न्हाई. आन् म्होरं बगतो तर आख्खी लाईन खांबाकडं एक पाऊल सरकल्याली... टोपी, बाटली, चंची, समदं, दगडासकट!

घरी आला तर अंगात ताप. राजनंदिनीनं कपाळावर पाण्याची पट्टी ठिवली, समदं ऐकून घेतलं, आन् शांतपणी इचारलं, ‘मला एक सांगा. प्रवासी जिता का मेलेला, असा रकाना हाय का तुमच्या फॉर्मात?’

‘न्हाई.’

‘मंग लिवा की गप!’

आता बायकोनं एवढा कायदा सांगितल्यावर माणूस काय करणार? गेला. लिवलं. बारा, पंधरा, एकोणीस... दुपारच्याला खोकल्याचा आवाज यायचा, पानाचा वास यायचा, मधीच कुणीतरी तपकिरीनं शिंकायचं. कुत्रं सुदीक लाईनीला वळसा घालून जायाचं. तेवीस झालं... आन् अडकलं. चार दिवस तेवीसच! आन् मानसिंग, ज्याला ह्या लाईनीचं भ्या वाटायचं, तो मनातल्या मनात म्हणाय लागला, ‘देवा यमाई, आजून एक... आजून एकच!’ एकच काय? कळलं का तुमास्नी, तो काय मागत व्हता? त्याला बी कळलं. लाज वाटली, दोन्ही कान धरलं. पण मागायचं थांबंना.

आन् साहेबाचा निरोप आला. ‘सोमवारी चाचणीला गाडी घेऊन येतोय. चोवीस हवेत. नाहीतर योजना दुसऱ्या शहराला जाईल, आणि शिंदे, तुमची मुदतही या महिन्यापुरतीच.’

सोमवार उजाडला. धा वाजलं, तेवीस. अकरा, तेवीस. पावणेबारा... तेवीस! तवा मानसिंगानं काय केलं? खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी घातली, लाईनीच्या शेवटी ठिवला, आन् वर दगड!

तानुबाई पाटी टाकून धावत आली. ‘मुडद्या, उचल त्यो! हितं टाकायचा असतोय व्हय?’

‘मावशी, धा मिन्टांचा प्रश्न हाय. साहेबांनी मोजलं की उचलतो.’

अकरा वर्सं, महाराज! अकरा वर्सांनी माणूस कुटंबी टॉवेल टाकतो.

आन् गाडी आली. आली म्हंजे, हाय म्हणून कळलं. आवाजच न्हाई! आता रस्ता मोकळा व्हता, आन् आता गाडी उभी. डायवर दादासो खाली उतरून म्हणतो, ‘लय वंगाळ गाडी हाय. चालू हाय का बंद, माजं मलाच कळत न्हाई.’ मागनं साहेब उतरलं. ‘कुठायत प्रवासी?’

मानसिंगानं खांबाकडं हात केला... तर खांबापाशी निस्तं चोवीस दगड! हाताच्या अंतरावर एक, वळीनं. साहेबाचं तोंड लाल. ‘शिंदे! ही काय थट्टा आहे?’ तवर दादासो दारातनं आत डोकावला आन् तसाच मागं आला. ‘साहेब... गाडी भरली.’

भरल्याली! पयल्या सीटवर टोपी, शेजारी बाटली, मागं चंची, उपरणं, पिशवी... आन् गाडी मागच्या चाकांवर अशी बसल्याली, जणू लग्नाचं वऱ्हाड चढलंय. साहेब आत गेलं. टोपीपाशी थांबलं. साहेब शिकल्यालं, टायवालं, पण शेवटी मराठी माणूस हो! दुसऱ्याचा रुमाल उचलायला हात म्होरं व्हईना. त्यांनी रीतीपरमाणं इचारलं, ‘कुणाची टोपी आहे ही?’

आन् आख्ख्या गाडीनं, एका सुरात, पण लय नम्रपणी सांगितलं, ‘जागा धरलीय.’

साहेब कुपवाडापर्यंत दांडीला धरून उभं. जाऊन आलं, उतरलं, आन् टाय सोडून खिशात घातला.

आन् मानसिंग? त्यो चढलाच नव्हता. गाडी परत येऊन उभी ऱ्हायली तवा त्याला दिसला आपला टॉवेल, मागच्या बाजूला, खिडकीकडंला. त्यानं भायेरनंच हात घातला, टॉवेलाचं टोक धरलं, वढलं. तर आतनं कुणीतरी धरून ठिवल्यालं! हिसका न्हाई, भांडण न्हाई... शेजारचा पाव्हणा कसा आपुलकीनं धरतो, तसं. आन् म्हणलं, ‘ऱ्हाऊ द्या की पाव्हणं, आमी बगतो. कुणाला बसू देणार न्हाई. तुमी निवांत या. बॅटरी पुरी भरली की हाक मारतो.’

तुमास्नी सांगतो, योजना मंजूर झाली! साहेबांनी शेरा लिवला, ‘गाडी पूर्ण भरली. निम्नस्वाक्षरीकारास उभ्याने प्रवास करावा लागला. मागणी प्रचंड.’ आन् दुसऱ्या दिवशी बदलीचा अर्ज दिऊन साहेब लांब कोकणात. मानसिंगाची ऑर्डर निघाली. कायम! राजनंदिनीनं भावाच्या गल्लीत दारोदार पेढं वाटलं.

हुद्दा काय मिळाला म्हणता? चार्जिंग शेडचा मुख्य. माळावर शेड झाली, मीटर बसला, बाकीच्या गाड्या येणार येणार म्हणत आल्याच न्हाईत. हाय ती एकच गाडी, आत उभी, समद्या सीटा धरल्याल्या. आन् मानसिंगाचं काम काय, तर रोज पाच वाजता तिची पीन बोर्डात घालायची. घालतोय व्हय तो? तीन वर्सं झाली, पीन हातात घेतली न्हाई! फ्यूज काढून पार औंधाला, यमाईच्या डोंगरावर पुरून आला. रोज धा ते पाच गाडीम्होरं खुर्ची टाकून बसतो आन् बॅटरीच्या काट्यावर नजर. पयल्या साली काटा लाल रेघेत व्हता. दुसऱ्या साली रेघ सोडून वर आला. आता नव्व्याण्णव साल... काटा निम्मा वलांडून गेलाय. वायर न्हाई, फ्यूज न्हाई, चढतोय कुठनं? कुणाला इचारायचं?

आता राजनंदिनीच म्हणती, ‘नोकरी सोडा.’ मेव्हणा म्हणतो, ‘बदली मागा.’ म्हातारा लिवतो, ‘घरी ये, हाय ती शेती बग.’ जो तो शाणा! आवं, शेडाला मुख्य म्हणून हा एकटाच, त्यो बदलून गेला आन् नवा आल्याला हौशी निघाला, त्यानं पयल्याच दिवशी फ्यूज बसवून पीन घातली, आन् बॅटरी पुरी भरली तर? मंग नोकरी सोडायची ती कुणाच्या भरवशावर?

परवा गेलो व्हतो माळावर. म्हणलं, ‘मानसिंगा, भ्या वाटत न्हाई रं?’

तो काट्याकडं बगत म्हणला, ‘वाटतं की. लय वाटतं. पर काय करतोस, कायम झालो न्हवं का मी! समद्यास्नीच जायाचंय कवातरी...’ आन् मंग हळूच, गाडीतल्यांना ऐकू जाऊ नये असं म्हणला, ‘त्यातल्या त्यात बरं गड्या... आपली खिडकीकडची हाय.’