रात्रपाळी

लेक : बाबा परत झोपलेत! मागच्या खेपेला झोपलेले, आजही झोपलेले. मी काय पांघरुणाला भेटायला येते?

व्यवस्थापिका : ताई, हळू. आता वृद्धाश्रमात आम्ही कुणालाच जबरदस्तीने उठवत नाही. ज्याची त्याची सवय बघून दिनक्रम ठरवतो.

लेक : अहो, दुपार टळून गेली!

व्यवस्थापिका : काकांनी जन्मभर कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी केली. आम्ही सकाळी अंघोळीला ओढायचो, ते अंगावर धावून यायचे. मग शांत ठेवायच्या गोळ्या. आता गोळ्या बंद, आरडाओरडा बंद. जेवतातही पोटभर.

लेक : गोळ्या होत्या तेव्हा निदान समोर बसायचे तरी.

व्यवस्थापिका : आम्ही बसवायचो. तुमच्याशी बोलायचे का काही?

लेक : ‘हूं’ म्हणायचे.

बाबा : (कूस बदलत) कोण कटकट करतंय? झोपू द्या की जरा.

लेक : बघा, आवाज आपोआप खाली गेला माझा! आजी झाले तरी. लहानपणी घरात एकच घोषा, ‘गप्प, बाबा झोपलेत.’ मी शाळेतून यायचे तेव्हा हे घोरत, मी अंथरुणावर पडले की हे डबा घेऊन बाहेर. वाटलं, इथे तरी हाती लागतील. तर तुम्ही त्यांना परत कामावर घेतलंत!

व्यवस्थापिका : खरं सांगू? घेतलंच आहे. रात्री टॉर्च घेऊन फेरी मारतात, कड्या तपासतात. मग चहा आणि गप्पा. काय रंगवून सांगतात!

लेक : कुणाला?

व्यवस्थापिका : रात्रीच्या मावशींना.

लेक : वा! मावशींना गप्पा आणि लेकीला पाठ. मग मीही रात्रीच येते.

व्यवस्थापिका : भेटायची वेळ संध्याकाळी सहापर्यंतच आहे, ताई. नियम आहे तो.

लेक : सवय बघून ठरवता ना सगळं? बाबा दिवेलागणीनंतर उठणार आणि तुमचं फाटक त्याच्या आधीच बंद. ही कुणाची सवय?

व्यवस्थापिका : आमचीच. खरंच, हे डोक्यातच आलं नाही. पण रात्री फाटकावर कुणी नसतं हो. मावशींना खोल्या सोडून येता येत नाही. दार उघडायचं कुणी?

लेक : मला विचारताय?

व्यवस्थापिका : थांबा. काका आहेत की. मावशींना सांगते, ताई आल्या की किल्ली काकांच्या हातात द्या. फक्त बाहेरून नाव नीट सांगा. खात्री पटल्याशिवाय ते कुणाला आत घेणार नाहीत.

लेक : सांगेन. त्यांचं फाटक मी कधी बघितलंच नव्हतं.