एकोणीस सर पाहिले, पसंत एकही नाही

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा राहिलोय, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलणार नाही — तुमचा चहा गार झाला तरी चालेल! प्रश्न असा: गुरू पारखायचा कुणी? बापानं? आत्यानं? शेजारच्यानं? का ज्याला शिकायचंय त्यानं?

“ज्याला शिकायचंय त्यानं!” — म्हणालात ना? छान! इथं बसून सगळेच शहाणे. घरी गेल्यावर काय करता, ते सांगतो आता.

एक गाव होतं. नाव घेत नाही — निम्मं गाव पुढं बसलंय! त्या गावात संपतराव फडतरे नावाचे गृहस्थ. उद्योग काय? सोयरिकी जमवणं! एकशे सात लग्नं जमवली होती माणसानं. हे आमचे मृदंगवाले बघा, खाली मान घालून हसतायत — यांचंही त्यांनीच जमवलं! आता मला सांगा, ज्यानं आयुष्यभर स्थळंच बघितली, त्याला दुसरं काही बघता येईल का? कोंबडी विकत घ्यायला गेले तरी विचारायचे, “आई-वडील काय करतात?”

तर या संपतरावांची एकुलती एक लेक. दुर्वा! अठरा पूर्ण झालेली, बारावी सायन्सला. पोरीच्या डोक्यात एकच — नर्सिंगला जायचं. आणि निकालात सगळे विषय सुटले, फिजिक्स राहिलं! सत्तरपैकी किती? अकरा! हसू नका हो, मागच्या रांगेत ज्यांना नऊ पडले होते तेच हसतायत!

संपतराव म्हणाले, “दुर्वे, जुलैत पुरवणी परीक्षा आहे. सुटलीस, तर नर्सिंगला घालतो, हा शब्द! नाही सुटलीस, तर मी कशाला आहे? स्थळं माझ्या खिशातच आहेत!” आणि खरंच खिशावर हात मारला हो! आतून तीन बायोडाटे डोकावले.

“आप्पा, मला शिकवणी लावा,” ती म्हणाली. “घरी येऊन शिकवतील असे कुणीतरी सर बघा.”

बघा! हाच शब्द चुकला! संपतरावांना ‘बघा’ म्हटल्यावर ते काय करणार? त्यांनी थोरल्या बहिणीला बोलावणं धाडलं. हौसाक्का! भागातल्या निम्म्या मुली या बाईनं नापसंत केलेल्या. आणि संपतरावांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाकली — “मुलीसाठी सर पाहिजेत. निर्व्यसनी, सुस्वभावी, घरंदाज. फोटो पाठवावा.”

झालं! रविवारी पहिले सर आले. गवंडे सर. एम.एस्सी. झालेला गरीब जीव, दारात चपला काढतोय तोवर हौसाक्का म्हणाली, “उजवा पाय आधी!” माणूस दचकून दोन्ही पायांनी उडी मारून आत आला! मधल्या खोलीत सतरंजी, पुढं पाट. सरांना पाटावर बसवलं. खाली मान घालून बसले बिचारे. आतून दुर्वा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. बशी ठेवता ठेवता सरांच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि गेली पडद्याआड. काय पुटपुटली? सांगतो! घाई कसली आहे?

“नाव काय?” हौसाक्कानं सुरू केलं.

“गवंडे. मी एम.एस्सी., बी.एड...”

“ते असू दे. उंची किती?”

“पाच फूट चार. पण फिजिक्सला उंची...”

“जरा चालून दाखवा.”

माणूस चालला हो! खिडकीपर्यंत गेला, परत आला. संपतरावांनी वहीत लिहिलं — ‘चाल बरी.’

“आधी कुठं ठरलं होतं का?”

“हो, एका घरी शिकवत होतो. दोन महिने.”

“मोडलं का?”

“मोडलं नाही, त्यांचा मुलगा पास झाला!”

हौसाक्कानं संपतरावांकडं बघितलं, संपतरावांनी हौसाक्काकडं. “पास झाल्यावर सोडून आलात!” आक्का म्हणाली. “बरं, आता काहीतरी शिकवून दाखवा.” पूर्वी मुलीला गाणं म्हणायला सांगायचे ना, तसं! गवंडे सर उठले, पोह्यांची रिकामी बशी बोटावर घेतली, गरकन फिरवली आणि फिरत्या वस्तूंचा सगळा धडा वीस मिनिटांत असा उभा केला, की संपतराव तोंड उघडं टाकून बघत राहिले!

मग काय, ठरलं का? छे! चहा झाला, आणि संपतराव हात जोडून म्हणाले, “कळवतो!”

अहो, ‘कळवतो’ म्हणजे काय ते इथं प्रत्येक मुलीच्या बापाला ठाऊक आहे! ‘कळवतो’ म्हणजे नाही!

मग सुरूच झालं. दर दिवसाआड एक सर! एकाला मंगळ निघाला. एक फोटोत काळेसावळे, प्रत्यक्षात गोरेपान — “फसवणूक आहे!” एक सर इतकं सुरेख शिकवून गेले, की हौसाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही नापसंत! का? “संपत, इतकं चांगलं स्थळ आपल्या दारात आपणहून आलंच कसं? काहीतरी खोट असणार!”

आणि तेराव्या सरांचं ऐका. तांबवे सर, जाड भिंगाचा चष्मा. आक्कानं सुई-दोरा पुढं केला. “ओवून दाखवा. नजर कळू दे.” सरांना काही ओवेना! एकदा, दोनदा, पाचदा... शेवटी चिडले. पोह्यांच्या तेलकट बोटांत सुई धरली, पाण्याचा भरलेला पेला पुढं ओढला, आणि सुई अलगद, आडवी, पाण्यावर ठेवली. सुई तरंगली! लोखंडाची सुई, मंडळी! पाण्यावर!

“हा पृष्ठताण,” सर म्हणाले. “पाण्याचा वरचा थर ताणलेला असतो, तो सुईला धरून ठेवतो...”

“करणी!” हौसाक्का किंचाळली. “संपत, मिरच्या आण! दृष्ट काढ पोरीची!” सर चपला न घालताच पळाले हो! चपला अजून आहेत फडतऱ्यांच्या माळ्यावर.

असे किती झाले? एकोणीस! एकोणीस सर बघितले, एकही पसंत नाही! आणि परीक्षा आली की अंगावर. संपतराव पोरीला म्हणाले, “दुर्वे, मी काही कमी केलं नाही. योगच नाही.” पोरगी गेली, परीक्षा देऊन आली. आणि संपतरावांनी निकालाच्याच दिवशी मुलाकडची मंडळी बोलावली बघायला! कारण अकराचे किती होणार? बारा होतील! मला चीड येते हो अशा बापाची. पण वाईट माणूस नव्हता तो, जन्मभर एकच काम केलेला माणूस होता.

निकालाचा दिवस. मुलाकडची मंडळी बसलीत. तीच मधली खोली, तीच सतरंजी, तोच पाट. फक्त आज पाटावर दुर्वा! मुलाची आत्या म्हणाली, “मुलीला सुई ओवता येते का?” आणि सुई-दोरा पुढं केला.

दुर्वानं सुई घेतली. दोरा बाजूला ठेवला. केसांवरून बोट फिरवलं, तेल लावलं सुईला, आणि समोरच्या पेल्यात अलगद, आडवी, पाण्यावर ठेवली. तरंगली!

“अगं बाई, करणी!” मुलाची आत्या ताडकन उठली.

आणि कोण ओरडलं माहितीये? हौसाक्का! “करणी कसली? खाली बसा! पृष्ठताण आहे तो! पाण्याचा वरचा थर ताणलेला असतो, एवढंही कळत नाही?” तेराव्या सरांपासून सुईत अडकली होती ना बाई, शिकून बसली!

तेवढ्यात इंदूताई — दुर्वाची आई, जिला इतके दिवस कुणी काही विचारलंच नव्हतं — मोबाईल घेऊन बाहेर आली. “अहो, निकाल लागला. फिजिक्स सुटलं. सत्तरपैकी एकोणसाठ!”

संपतराव उभेच राहिले. “एकोणसाठ? अगं, पण शिकवलं कुणी?”

“तुम्ही बघितलेल्या एकोणीस जणांनी, आप्पा,” दुर्वा म्हणाली.

इंदूताईनं पिठाच्या डब्यातून वही काढली. पिठानं पांढरी झालेली वही! एकेका पानावर एकेका सरांचं नाव, खाली एकेक धडा. गवंडे सर, फिरत्या वस्तू. तांबवे सर, पृष्ठताण. आता कळलं, पोरगी पोह्यांची बशी ठेवताना काय पुटपुटायची? “सर, आज तेवढा चुंबकाचा धडा शिकवून दाखवा ना!” प्रत्येकाला नवा धडा! आणि पडद्याआड उभी राहून उतरवून घ्यायची. धडा संपला, की आत्याच्या कानात — “आत्या, बघितलंस का? भुवया जुळल्यात त्यांच्या!” की सर नापसंत!

“अगं पण चांगले होते सगळे!” संपतराव म्हणाले. “एकाला राहू द्यायचंस!”

“राहिले असते, तर रोज तुम्ही आणि आत्या पुढं बसला असता, आणि मी आत चहा करत राहिले असते. आणि आप्पा, पसंत पडेपर्यंतच माणूस जीव तोडून दाखवतो. हे तुमच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय मी.” आणि मग पोरगी पाटावरून उठली. “मला नर्सिंगला जायचंय. तुम्ही शब्द दिलाय.”

संपतरावांनी खिशातले बायोडाटे काढले, त्या पिठाच्या वहीखाली सारले. डोळे पुसले. मग मुलाकडच्या मंडळींकडं वळले, दोन्ही हात जोडले, आणि म्हणाले —

“कळवतो!”

हसा, हसा मंडळी! पोट भरून हसा, कारण आता तुमची पाळी आहे.

मघापासून तुम्ही काय करताय? मला बघताय! “बुवांचा आवाज बसलाय.” “फेटा तिरका आहे.” “मागच्या वर्षीचे बुवा बरे होते” — तिसऱ्या रांगेतून आलं, ऐकलं मी! अहो, जन्मभर हेच केलंत. कुणी चांगलं सांगायला आला, की बसवा पाटावर, चालून दाखवा, आधी कुठं मोडलं? आणि शेवटी हात जोडून — कळवतो! देव दारात आला तरी त्यालाही तेच सांगाल.

तिकडं मागं बघा. चहाच्या पातेल्यापाशी ती बाई बसलीये. वळून बघा! मी उभा राहिलो तेव्हा कप धुवायचा आवाज येत होता. गोष्टीत गवंडे सर आत आले आणि तो आवाज थांबला. अजून कप तसेच पडलेत. बुवा पसंत आहे का, हे तिला कुणी विचारणार नाही. पण पडद्याआडच्या दुर्वासारखी, आजचं कीर्तन घरी घेऊन जाणार ती.

माय, तुझा चहा राहू दे. आम्ही थांबतो.

आणि बाकीच्यांनी हात वर करा. देवाचं नाव घ्या, मोठ्यानं! आणि ‘कळवतो’ म्हणू नका — आत्ता घ्या!