बॅटरी काढून दाखवा

नाही, नाही, सुटकेसमध्ये अजिबात नाही — बॅटरी सुटकेसमध्ये घातलीत तर विमानतळावर ते माइकवरून तुमचं नाव पुकारतील आणि बॅग उघडायला लावतील. बॅटरी हातातल्या बॅगेतच. वायरी लोंबत्या ठेवू नका, गुंडाळी करून रबर लावा. पक्कड, पेचकस, सोल्डरिंग गन — ते सगळं मात्र सुटकेसमध्ये, हातात नाही. आणि तुमच्या वाद्याच्या बॉक्सवर एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, 'म्युझिक इन्स्ट्रुमेंट'. हसू नका, उपयोग होतो त्याचा. बसा ना, उभं का राहिलात? चहा? नको? बरं. धवलला भेटायला आलात ते कळलं मला, पण तो भेटत नाही हो कोणाला आता. आतल्या खोलीत आहे — जागा आहे, ऐकू सगळं येतं, या आजारात कान जात नाहीत, बाकी सगळं जातं — पण भेटत नाही. मी यशश्री, त्याची बायको. मला विचारा काय ते. त्याच्या बॉक्समधल्या निम्म्या वायरी मीच जोडल्यात.

खरंच सांगते. मला काय येत होतं? काही नाही. मी आपली बँकेत बसणारी. पण त्याचे हात थरथरायला लागले, मग तो बोट दाखवायचा आणि मी गन धरायची. "जास्त कथील घालू नकोस, यशू, शेवया करतेयस का?" — तेव्हा बोलत होता अजून, जीभ जड झाली होती, पण बोलत होता. सातपूरला पॅनलच्या कारखान्यात इंजिनिअर होता धवल. आणि गायचा. शिकलेला वगैरे नव्हता, पण गायचा — गाडी चालवताना, दाढी करताना, सोसायटीच्या गणपतीत तर त्याच्याशिवाय पानही हलायचं नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं — मोटर न्यूरॉन — आणि म्हणाले, आधी हात, मग बोलणं, मग गिळणं. म्हणजे क्रमच सांगितला. घरी येताना गाडीत मी म्हटलं, आता रडेल. रडला नाही. म्हणाला, "बोलणं जायच्या आत आवाज काढून ठेवायला हवा."

काढून ठेवायचा म्हणजे — कसं सांगू — त्यानं एकेक अक्षर म्हणून ठेवलं. आ, मा, ये, नी, सा, अशी. वरच्या सुरात, खालच्या सुरात. प्रत्येक अक्षराला एक बटण. बटण दाबलं की तेवढा आवाज. दोन-तीन बटणं जोडून दाबली की शब्द. आमची मुलगी आभा, तिचं नाव दोन बटणांत यायचं. घर बंद करून, पंखा बंद करून बसायचा, घाम टिपत, आणि एकेक अक्षर चार-चारदा म्हणायचा. पुढे खरं बोलणं गेलं तेव्हा बॉक्स तयार होता. एका बोटानं वाजवायचा. आभा खाली खेळत असली की गॅलरीत खुर्ची लावून दोन बटणं — आ-भा — आणि पोरगी धावत वर. शेजारच्यांना कळलंसुद्धा नाही कित्येक दिवस, की धवलचं बोलणं गेलंय.

तुमचं यंत्र बघू? पिशवीत आहे ना, काढा. छान आहे की. हे लाकूड कुठून आणलंत? — बरं, मला एक सांगा, यात आवाज कशात साठवता? मेमरी कार्डात? नक्की? बॅटरी काढली तरी राहतो? नक्की ना? काढून बघितलंय कधी? — नाही, मी उगाच नाही विचारत. ऐका.

मागच्या वर्षी आमंत्रण आलं. दक्षिणेकडच्या एका शहरात स्वतःची वाद्यं स्वतः बनवणाऱ्यांचं संमेलन होतं, नाव नको घ्यायला. कोणीतरी त्याचा व्हिडिओ पाठवला होता त्यांना. मी म्हटलं, खुर्ची घेऊन, बॉक्स घेऊन, विमानात — नको. त्यानं मोबाइलवर लिहिलं, "जायचं." खुर्चीला स्टँड आहे, त्यावर मोबाइल, त्यावर एका बोटानं लिहायचं, तेच त्याचं बोलणं. आभाला सांभाळायला कळवणहून माझी आई आली. ओझरच्या विमानतळावरून जाताना काही त्रास नाही हो! तिथल्या माणसानं एक बटण दाबून बघितलं, बॉक्स म्हणाला 'मा', तो माणूसही हसला, जा म्हणाला. आणि तिथे तर काय सांगू. गायला धवल. गायलाच म्हणते मी. एकच बोट, पण त्याचा आवाज, तीस वर्षांच्या धवलचा आवाज, भरलेल्या हॉलमध्ये. लोक उभे राहिले. हा खुर्चीत बसून रडत होता, मी त्याचं नाक पुसत होते. रात्री त्यानं लिहिलं, "श्वासाच्या मशीनला माझा हो आहे." — ते डॉक्टरांचं होतं, पुढेमागे श्वास कमी पडायला लागला की गळ्यातून नळी घालून मशीन लावायचं की नाही, ते आधी ठरवून ठेवा म्हणाले होते. इतके दिवस तो उत्तरच देत नव्हता. तिथे हो म्हणाला.

येताना. सिक्युरिटीला. बॉक्स ट्रेमध्ये, मशीनमधून गेला, पट्टा थांबला. "मॅडम, ये क्या है?" मी सांगितलं. चांगला माणूस होता, ओरडला नाही, काही नाही. आणखी एक जण आला, त्यानं उघडून बघितलं. आता आत काय — वायरी, सेल, हातानं केलेलं सगळं, तुम्हालाच माहीत कसं दिसतं ते. "वाजवून दाखवू का?" म्हटलं. तो म्हणाला, "पहले बॅटरी निकालनी पडेगी, मॅडम. अलग से ले जा सकते हैं." म्हणजे नेऊ देत होते! जप्त करत नव्हते! मला हायसंच वाटलं. आणि इकडे धवल — त्याच्या घशातून आवाज यायला लागला. ऊं, ऊं, असा. खुर्चीच्या हातावर बोट आपटायला लागला, तेवढं एकच हलत होतं. मोबाइल? मोबाइल ट्रेमध्ये! स्टँडसकट काढून घेतला होता ना तपासायला, पट्टा थांबलेला, मोबाइल त्या मशीनच्या पोटात. आमचं ठरलेलं होतं, पापणी एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी वाकून विचारलं — भीती वाटतेय? दोनदा. दुखतंय? दोनदा. पाणी? दोनदा. बॉक्स मोडतील म्हणून? — डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले, मला कळेना हो की नाही. म्हटलं, "अरे मोडत नाहीत रे, नुसती बॅटरी काढतायत." तेवढ्यात त्या माणसानं काढली. हळूच. अगदी हलक्या हातानं. आणि हा एकदम शांत झाला. मला वाटलं, पटलं याला.

सगळं परत दिलं त्यांनी. एक स्क्रूही हरवला नाही. विमानात बसल्यावर मोबाइल लावून दिला, तर त्यानं लिहिलं, "आवाज गेला." मी म्हटलं, घरी जाऊन बॅटरी लावू की, येईल. त्यानं पुन्हा लिहायला बोट उचललं आणि खाली ठेवलं.

त्या चिपा जुन्या होत्या. सातपूरच्या मोडीत काढलेल्या मशीनमधल्या. त्यांना सतत थोडी वीज लागते, क्षणभर वीज तुटली की पाटी कोरी. त्याला माहीत होतं, मला नव्हतं. त्याला त्या चिपांचा खरखरीत आवाज आवडायचा, आणि शेजारी कार्ड बसवून तिकडे उतरवून ठेवायचं त्याच्या मनात होतं, पण तोवर बोट दाखवायलाही हात उचलेना. दुसरीकडे कुठे नाही काही. घरी आलो, बॅटरी लावली, दिवे लागले सगळे. आभानं धावत येऊन तिची दोन बटणं दाबली. खस्स. पुन्हा दाबली. खस्स. आता त्याच्या बोटाशी घंटीचं बटण लावलंय. आभा येत नाही त्या घंटीला. मी ओरडले एकदा तिच्यावर, तर म्हणते, "तो बाबा नाहीये, ती घंटी आहे."

हो, ते म्हणू नका, माहितीय. कॉम्प्युटर आवाज बनवतो. त्याचा मावसभाऊ श्रेयस, त्यानं केलं ते — आमच्या लग्नाच्या व्हिडिओवरून. ऐकवलं. अगदी धवलसारखं होतं, मला भरून आलं. यानं ऐकलं आणि लिहिलं, "हा कोण?" मग भिंतीकडे बघत राहिला. श्रेयस परत आला नाही.

आणि मागच्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले. श्वास कमी पडायला लागलाय. म्हणाले, मशीनचं बघायला हवं आता, वेळ कमी आहे. मी म्हटलं, त्याचा हो आहे, मला लिहून दिलंय त्यानं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा विचारू त्यांनाच. विचारलं. दोनदा मिटली पापणी. मी म्हटलं, चुकून झालं असेल, परत विचारा. परत दोनदा. मी त्या दिवशी संध्याकाळी एकटीनं विचारलं, आभासाठी तरी, म्हटलं. दोनदा. काय करू मी? तुम्ही सांगा — तुम्हाला तरी काय सांगता येणार म्हणा, तुम्ही आपले बॅटरी कुठे ठेवायची ते विचारायला आलात — पण मला कोणी विचारतच नाही, मला नकोय ना त्याचा नकार, मी कुठे जाऊ तो नकार घेऊन? मी त्या सिक्युरिटीच्या माणसाचा हात धरला असता, एकच मिनिट, मोबाइल बाहेर येईपर्यंत —

थांबा हं. मोबाइल वाजला माझा.

तोच आहे. आतूनच.

"पुरे. दार लाव."

…

पिशवी घ्या तुमची. नीट धरा, वायर बाहेर आलीय. नाही, काही बोलू नका, निघा तुम्ही. — हो रे, लावते.