विल्मारने काही पुसले नाही

नाव: सेवेरो चोकेविल्का. वय: ४६ वर्षे. व्यवसाय: नोकरी, संगणक यंत्रणेची देखभाल. राहणार: रेल्वे स्टेशनच्या मागे, ओरुरो. दिनांक ११ मार्च २०१९.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, ७ मार्चला याच ठाण्यात मी जबाब दिला होता. त्यात खोटे काही नव्हते, पण तो अर्धा होता. आज पुरा देतो.

आमच्या संशोधन केंद्रात प्रत्येकाच्या फाइली मुख्य संगणकावर त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. त्याला आम्ही होम म्हणतो. प्राध्यापिका नेमेसिया अरान्सिबिया यांच्या होममध्ये कथिलाच्या खाणीतल्या अकरा म्हाताऱ्या कामगारांची ध्वनिमुद्रणे होती. त्यांतले सात जण आता हयात नाहीत. दुसरी प्रत नव्हती. ती ठेवणे माझे काम होते.

१ मार्चला कार्निव्हलचा शुक्रवार होता. त्या दिवशी ऑफिसातल्या यंत्रांना कागदी फिती बांधून दारू शिंपडतात, म्हणजे वर्ष नीट जाते. बाईंच्या ध्वनिमुद्रणांसाठी आणलेली नवी डिस्क त्याआधी चालू करून तिलाही फिती बांधायच्या, असे मी मनात घेतले होते. दुपारी साडेबारापासून अंगणातून हाका येत होत्या. "सेवेरो, यंत्राशी लग्न लावलंयस का रे? ये लवकर, बीअर गरम होतेय."

मी नव्या डिस्कवर रिकामे फोल्डर केले आणि बाईंचे होम तिकडे नेण्याची आज्ञा टाइप केली. ही आज्ञा नुसता पत्ता बदलते. आतले सामान हलवायचे असेल तर ते वेगळे सांगावे लागते. घाईत मी ते सांगितले नाही. यंत्राने तक्रार केली नाही, म्हणून काम झाले असे धरले. फक्त बाईंचे होम असलेली जुनी डिस्क पुसली आणि फिती आणायला अंगणात गेलो.

६ मार्चला बाईंनी होम उघडले. त्यात काही नव्हते. त्या म्हणाल्या, "हे विल्मारचंच काम." विल्मार तिकोना हा त्यांचा सहकारी, आठवड्यापूर्वी भांडून नोकरी सोडून गेलेला. दिलेल्या आज्ञांची यादी यंत्र ठेवते. ती मी तेव्हाच वाचली. सगळ्या आज्ञा माझ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात मला विचारले, बाईंचा पासवर्ड कोणाला माहीत होता? मी सांगितले, बाईंना आणि विल्मारला. एवढेच सांगून घरी गेलो. ८ तारखेपासून विल्मार कोठडीत आहे. मला याची लाज वाटते.

आज सकाळी बाहेरच्या बाकावर त्याची आई डबा घेऊन बसली होती. म्हणाली, "माझ्या पोरासाठी आलात ना, डॉन सेवेरो? केंद्रातलं दुसरं कुणी फिरकलं नाही हो." मी हो म्हणालो. तिने शेंगदाण्याच्या सूपातले निम्मे मला वाढले. मग हळूच म्हणाली, "तो म्हणतो, आई, मी काही पुसलं नाही. मीच त्याला सांगितलं, पुसलं असशील तर कबूल हो बाबा, लवकर सोडतील."

मी सूप संपवले आणि आत आलो.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. एक तारीख दुरुस्त करून घेतली. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे. हे त्याच्या आईला कोण सांगणार, असे मी सहीपूर्वी विचारले. लिहून घेणारे अंमलदार म्हणाले, "ती बाहेरच बसलीय. तुम्हीच सांगा."

सही: से. चोकेविल्का