शिंपल्यांचा खड्डा

लातीर: ...आणि तू अशी शिंपांच्या ढिगावर मधोमध बसल्यावर त्या माणसांनी फावडं मारायचं कुठं? ऊठ आक्का. मी या गावाचा मुखिया, आणि माझीच बहीण आडवी येते. सगळा गाव बघतोय.

यांदे: बघू दे. माझ्या पाटीतल्या तिसऱ्या सोलायच्या राहिल्यात.

लातीर: घरी बसून सोल ना!

यांदे: शिंपा इथंच टाकायच्या असतात. आई इथंच टाकायची. तिची आईपण.

आन्सू: ए सेरेर दासी! हा तुझा मालक कासामांसहून होडी घेऊन आलाय शिंपा भरायला, आणि तू ढिगावर राणीसारखी बसून?

यांदे: भात खाऊन आलास का, जोला? भाताशिवाय दुसरं काही कळत नाही तुम्हाला.

आन्सू: कळतं की. सेरेर माणूस आमचा गुलाम, एवढं पक्कं कळतं. ऊठ, नाहीतर पाटीत घालून तुलाच नेतो. हॉटेलच्या रस्त्याला खडी म्हणून टाकतो.

यांदे: ने.

आन्सू: हे काय? शिवी दे की! लातीरदादा, हिची जीभ कुठं गेली? जोला आणि सेरेर या दोन जमातींचं वाडवडिलांपासून थट्टेचं नातं. त्यात मी एकट्यानं किती बोलायचं?

लातीर: दोन पावसाळे झाले, ती अशीच आहे. हसत नाही, रडत नाही, भांडतसुद्धा नाही. तू लक्ष देऊ नकोस. कालचा खड्डा तिला वळसा घालून पुढं वाढवा.

आन्सू: वळसा घालायला जागा कुठाय? ती खड्ड्याच्या काठावर बसलीय. फावडं मारलं की ढीग घसरणार आणि ही आत येणार. वर ओहोटी लागलीय. होडी चिखलात बसली तर डास मलाच खाणार.

लातीर: ऐकलंस आक्का? कशासाठी हे सगळं? खाऊन टाकलेल्या शिंपा आहेत. कचरा!

यांदे: पलीकडच्या काठावर गोऱ्यांनी चार भिंती उभ्या केल्या. त्यात माणसं कोंडायचे, विकायचे. त्या भिंतींना फलक आहे, कुंपण आहे, राखणदार आहे. पाहुणे जातात, तोंड पाडून फोटो काढतात. हे अख्खं बेट बायकांनी बांधलं. कमरेइतक्या चिखलात उभं राहून, तिवरांच्या मुळांनी पाय फाडून घेऊन, पाटीपाटीनं शिंपा टाकून. वर गोरखचिंचा वाढल्या, खाली आपले पूर्वज पुरले. याला म्हणे कचरा. कचरा नाही. बायकांनी केलं म्हणून कचरा.

लातीर: फलक खाऊन पोट भरतं का? रस्ता झाला की हॉटेल येईल, हॉटेल आलं की पोरांना काम. हे काम तेव्हा असतं तर दिएगान त्या होडीत चढला असता? सांग ना!

यांदे: मासे होते तोवर नव्हता चढला.

आन्सू: दिएगान कोण?

लातीर: हिचा मुलगा. एकुलता एक. स्पेनला निघाला इतर पोरांबरोबर. पोचलो म्हणून फोन नाही, होडी बुडाली म्हणून निरोप नाही.

यांदे: बुडाली.

लातीर: आक्का!

यांदे: बुडाली रे. तुला माहीत आहे, इमामसाहेबांना माहीत आहे. तोंडानं कोणी म्हणत नाही, म्हणून दुआ नाही, जेवण नाही. माझ्या दारावरून जाताना लोक पाय उचलून चालतात.

लातीर: पण पुरायचं काय? हाताला काही लागलं का आपल्या?

यांदे: तेच म्हणतेय. माझा नवरा गेला तेव्हा गावात दोन जोला आले होते. कबर खणून झाली तसा त्यांतला एक आत उतरून आडवाच पडला. म्हणतो, हा आमचा गुलाम, आम्हाला विचारल्याशिवाय मेलाच कसा? कोंबडा दिल्याशिवाय उठेना. रडता रडता मला हसू आलं. आणि तेव्हा कुठं मला कळलं, की माणूस गेला. दिएगानसाठी कोणी आडवं पडलं नाही. खड्डाच नव्हता ना.

लातीर: झालं बोलून? ऊठ आता. आन्सू, तुझ्या माणसांना हाक मार. अरे, फावडं का टाकलंस? कुठं निघालास? आन्सू! खड्ड्यात काय उतरतोस?

आन्सू: चपला धर माझ्या.

लातीर: अरे, शिंपा टोचतील पाठीला! आडवा काय पडतोस!

आन्सू: (खड्ड्यातून, मोठ्यानं) कोण गेलं म्हणता? दिएगान? आमचा गुलाम? मला न विचारता? मी नाही उठत जा!

लातीर: तोंड आवर! पोरगा जिवंत असला तर? अपशकुन करतोस? आक्का, बोल ना त्याला!

आन्सू: तिला कशाला? मामा तू. मला उठवायचं तर तू दे काय ते.

लातीर: कोंबडा देतो बाबा. दोन देतो. बोकड देतो!

आन्सू: हा ढीग दे. सगळा. जिथल्या तिथं.

लातीर: मी शब्द दिलाय हॉटेलवाल्यांना!

आन्सू: मग त्यांना सांग, तिथं कबर निघाली. आत जोला पडलेला अख्ख्या गावानं बघितलाय. कबरीतली खडी त्यांच्या रस्त्याला चालते का, तेही विचार.

लातीर: तुझी होडी टेकली चिखलाला, मूर्खा.

आन्सू: टेकू दे. ए सेरेर दासी, रडतेस की हसतेस? इथून दिसत नाही.

यांदे: तिसऱ्या सोलतेय.

आन्सू: शिंपा माझ्या पोटावर पडतायत.

यांदे: इथंच टाकायच्या असतात.

लातीर: आणि या बाया कुठं निघाल्या इकडं? डोकी झाकून? कोणी सांगितलं यांना? आक्का... मयतीला निघाल्यासारख्या येतायत गं त्या.

यांदे: येऊ दे.

लातीर: मीच म्हणत राहिलो सगळ्यांना. असेल, येईल, फोन बंद असेल. तू विचारलं नाहीस, तरी म्हणत राहिलो.

यांदे: मी ऐकत होते.

लातीर: बरं. दिला. ऐकलंत सगळ्यांनी? दिला ढीग! आता तरी त्याला ऊठ म्हण, आक्का.

यांदे: राहू दे. अजून थोडा वेळ पडू दे त्याला.