मूळ दाखले जमा करा

तो साहेब आठवला की अजून माझं डोकं तापतं. ठाण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी निवड झाली होती. मोखाड्याहून वडीलही सोबत आले होते. सहीआधी मी करार वाचू लागलो. त्यात लिहिलं होतं, 'तीन वर्षं मूळ दाखले कंपनीकडे राहतील.'

"दाखले कशाला?" मी विचारलं.

"तुमच्याकडची पोरं पळून जातात," साहेब हसला. "वाचतोस काय? कळणारे का तुला? सही कर."

मी काही बोलायच्या आत वडील उठले. जन्मभर मास्तरकी केलेला शांत माणूस, पण त्यांनी माझी दाखल्यांची फाईल टेबलावरून हिसकावली.

"त्याला वाचायला मी शिकवलंय, साहेब. चल रे!"

जिना उतरताना फाईल त्यांनी स्वतःकडेच ठेवली. दुसरी नोकरी मिळायला वर्ष गेलं, पण 'सही करायला हवी होती' असं ते एकदाही म्हणाले नाहीत.