माईकवर बाप्पाचं नाव

तुमाला सांगतो, पिक्चर चांगला का वाईट, हे आमच्या तलवाड्यात लग्नाच्या मांडवात ठरलं.

आमी तिघं गेवराईला पिक्चर बघाय गेलतो. हिरो अगदीच साधा माणूस. लग्नात माईकवर पुढाऱ्यांची नावं घेऊन सत्कार चालू, आन आपलंबी नाव घेतील म्हणून ह्यो टोपी नीट करत बसलेला. शेवटी नाव येतं, पण कशाला? "आपली स्कूटर वाटेत हाय, तेवढी काढा!"

आमचा मेंढरंवाला सखाराम हसून हसून खुर्चीतून पडायचाच राहिला. गावचे पुढारी बाप्पा मात्र तापले. "ह्यो काय हिरो हाय का बे? असं कुटं होतं व्हय?"

मी म्हणलं, "बाप्पा, मधी जरा लांबलाय, पण माणूस लई खरा दाखवलाय."

"तुला काय कळतंय!"

पुढच्याच आठवड्यात गावात लग्न. बाप्पा पहिल्या रांगेत. माईकवर नाव आलं, तसे बाप्पा हात जोडत उठले.

"बाप्पा, तुमची जीप आचाऱ्याच्या वाटेत हाय. तेवढी काढा, बुंदीच्या पराती आडकल्यात."

सखारामनं तोंडात टॉवेल कोंबला.

जीप काढून बाप्पा आले ते थेट मागं, माझ्याशेजारी बसले. हळूच म्हणले, "खरं सांग बे, त्यो पिक्चर काढणारा आपल्याच गावचा हाय का?"